शर्यतीची गुणपत्रिका कशी वाचावी



बत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास एक खोड लागलेली असते. आंकड्यांचा कोणताहि कागद हातीं आला कीं त्याचें लक्ष बेरजेकडे सर्वांत शेवटीं जातें. शंभरांपैकीं एकेचाळीस गुण मिळाले, एवढ्यानें मुलाविषयीं कांहींच कळत नाहीं; ते एकेचाळीस कोठून आले आणि एकूणसाठ कोठें गेले, हें कळलें तरच पुढच्या सहामाहीचा उपाय सुचतो. आज ज्या कागदाविषयीं मला बोलावयाचें आहे तो परीक्षेचा नसून शर्यतीचा आहे. परंतु वाचण्याची रीत तीच.

हायरॉक्स या नांवाची एक शर्यत अलीकडे तरुणांच्या, आणि चाळिशीकडे झुकलेल्या पुष्कळ गृहस्थांच्याहि तोंडीं आहे. जर्मनींत क्रिस्टियान टोट्झके व मोरिट्झ फ्युर्स्टे या दोघांनीं ती काढली. फ्युर्स्टे हे २००८ व २०१२ या दोन्ही ऑलिंपिकांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या जर्मन हॉकी संघांतील खेळाडू. पहिली शर्यत २०१८ सालीं हँबुर्ग येथें झाली आणि २०२५ च्या मे महिन्यांत ती मुंबईसहि आली. मैदानावर नव्हे, तर छपराखालीं, मोठ्या प्रदर्शनगृहांत ती होते. एक किलोमीटर धांवावयाचें, मग एक कष्टाचें काम करावयाचें. पुन्हां एक किलोमीटर, पुन्हां एक काम. असे आठ फेरे. कामांचा क्रम ठरलेला आहे. पहिलें, उभें राहून दोन दोर वरून खालीं ओढण्याच्या यंत्रावर एक हजार मीटर. दुसरें, वजनें रचलेली बिनचाकी लोखंडी गाडी, जिला स्लेड म्हणतात, ती पन्नास मीटर ढकलणें. तिसरें, तशीच गाडी दोरानें आपल्याकडे ओढून घेणें. चौथें, जमिनीस छाती टेकवून उठावयाचें व पुढें लांब उडी घ्यावयाची, असें करीत ऐंशी मीटर जाणें. आमच्या आखाड्यांतले जोर आणि मुलांच्या बेडूकउड्या एकत्र केल्या म्हणजे हेंच होतें. पांचवें, वल्हीं मारण्याच्या यंत्रावर एक हजार मीटर. सहावें, दोन्ही हातांत वजनें घेऊन दोनशें मीटर चालणें. सातवें, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन, प्रत्येक पावलास मागचा गुडघा जमिनीस टेकवीत शंभर मीटर जाणें. आणि आठवें, बैठक मारून उठतां उठतां एक जड चेंडू भिंतीवरील उंच खुणेवर फेकणें, असें शंभर वेळां. पुरुषांच्या सर्वसाधारण वर्गांत ढकलावयाच्या गाडीचें वजन १५२ किलो, पिशवीचें २० किलो, आणि चेंडूचें ६ किलो असतें; चेंडूची खूण तीन मीटर उंचीवर.

या शर्यतीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिचें माप. अंतरें, वजनें आणि क्रम सर्व शहरांतून सारखे असतात, आणि खेळाडूच्या हातीं शेवटीं जें पत्रक पडतें त्यांत प्रत्येक धांवेचा व प्रत्येक कामाचा वेळ वेगळा मांडलेला असतो. अशा सोळा ओळी. शिवाय सतरावी एक ओळ असते, ती धांवेच्या मार्गावरून कामाच्या जागीं जाण्यायेण्यांत गेलेल्या वेळाची. त्या पट्ट्यास तेथें रॉक्सझोन म्हणतात. इतकी तपशीलवार गुणपत्रिका आमच्या शाळाखात्यानें कधीं दिल्याचें मला आठवत नाहीं. पण तपशील पुष्कळ असला म्हणजे चुकीची ओळ उचलण्याची सोयहि पुष्कळ असते. म्हणून एकच पत्रक घेऊन मी बोलणार आहें.

तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें. वय अडतीस, कचेरींत बैठें काम, घरीं पांच वर्षांची मुलगी, तिला सकाळीं शाळेंत पोंचविण्याचें काम त्याच्याकडे. सरावास त्याला पहाटेचे मिळून आठवड्यास पांच तास मिळतात, सहावा मिळत नाहीं. पहिल्या शर्यतीस त्याला १ तास ३४ मिनिटें २० सेकंद लागले. त्यापैकीं आठ धांवांचीं मिळून ४५ मिनिटें २० सेकंद, आठ कामांचीं ४० मिनिटें ५२ सेकंद, आणि जाण्यायेण्याचीं ८ मिनिटें ८ सेकंद. पत्रकांतील सर्वांत मोठी, डोळ्यांत भरणारी ओळ शेवटच्या कामाची होती. शंभर चेंडू फेकण्यास त्याला ९ मिनिटें ३२ सेकंद लागले होते. झालें! निदान ठरलें. मांड्यांत जोर नाहीं आणि चेंडूचा सराव नाहीं, असें त्यानें स्वतःच ठरविलें, व्यायामशाळेंतल्या शिक्षकानेंहि मान डोलावली, आणि दुसऱ्या सोमवारपासून रोज तीनशें चेंडू फेकण्याचा क्रम सुरू झाला. पांच आठवड्यांनीं तो माझ्याकडे आला तेव्हां त्याचा उजवा गुडघा सुजलेला होता आणि चेंडूचा वेळ होता तेथेंच होता.

मीं त्याला विचारलें, "हे शंभर चेंडू तूं ताज्या अंगानें किती वेळांत फेकतोस?"

"पांच मिनिटांत, सर. शर्यतीच्या आधींहि पांचच लागत."

"मग त्या दिवशीं साडेनऊ कां लागलीं?"

"दमलों होतों."

"कोठें दमलास?"

या प्रश्नास त्याच्याजवळ उत्तर नव्हतें; कागदाजवळ होतें.

परीक्षेंत असा मुलगा प्रत्येक वर्गांत एकदोन तरी असतो. त्याचा शेवटचा प्रश्न अर्धाच राहतो. बाप म्हणतो, त्याला भूमितीचा तो भाग येत नाहीं, शिकवणी लावा. पण उत्तरपत्रिका उलगडून पाहिली तर दुसऱ्या प्रश्नावर त्यानें चार पानें खर्च केलेलीं असतात, सुंदर अक्षरांत, जरुरीपेक्षां दुप्पट. गुण शेवटच्या प्रश्नांत गेलेले दिसतात, पण ते गमावलेले दुसऱ्या प्रश्नांत असतात. शर्यतीच्या पत्रकांत तर हें फारच वेळां घडतें, कारण श्रम हे पुढच्या पानावर लिहून ठेवलेले कर्ज असतें.

आतां आपण धांवेच्या ओळी पाहूं. आंकडे कानानें लक्षांत राहत नाहींत हें मी जाणतों, म्हणून मोजकेच सांगतों. पहिला किलोमीटर त्यानें ४ मिनिटें ३८ सेकंदांत काढला. दुसरा ५ मिनिटें २ सेकंदांत. गाडी ढकलून झाल्यावरचा तिसरा एकदम ५ मिनिटें ४९ सेकंदांचा, आणि तेथून पुढें सातव्यापर्यंत एकहि पावणेसहा मिनिटांच्या फारसा खालीं आला नाहीं. आठवा तर ६ मिनिटें २७ सेकंद. आठांची सरासरी ५ मिनिटें ४० सेकंद येते. म्हणजे पहिला किलोमीटर सरासरीहून मिनिटभरापेक्षां अधिक वेगाचा. याच गृहस्थांस नुसतें पांच किलोमीटर, बिनओझ्याचें, जीव तोडून धांवावयास २४ मिनिटें ३० सेकंद लागतात. तो वेग किलोमीटरास ४ मिनिटें ५४ सेकंदांचा होतो. पंचवीस मिनिटें जो वेग टिकत नाहीं, त्या वेगानें यानें दीड तासाच्या शर्यतीस आरंभ केला!

गाडीनंतरचा किलोमीटर सर्वांचाच मंदावतो. १५२ किलो ढकलल्यावर पाय दुसऱ्याचे वाटतात. तेवढ्यावरून दोष देतां येत नाहीं. पाहावयाचें तें हें, कीं मंदावलेला वेग पुढें परत येतो कीं नाहीं. ज्याचा दम शिल्लक असतो त्याचा चौथा, पांचवा किलोमीटर हळूहळू पूर्वस्थितीवर येतो. याचा आला नाहीं. आणि गाडी ढकलण्याचा त्याचा वेळ? २ मिनिटें ४१ सेकंद. त्याच्याच आगेंमागें, एक तास चौतीस मिनिटांच्या अलीकडेपलीकडे शर्यत संपविणाऱ्यांच्या याद्या आम्हीं जालावर काढून पाहिल्या, तर पहिल्या दोन कामांत हा त्यांच्या पुष्कळ पुढें आणि तिसऱ्या धांवेपासून त्यांच्या मागें. स्वतःला तो या दोन ओळींविषयीं शाबासकी देत होता. दोष नेमका त्या शाबासकीच्या ओळींत होता.

तुलना करावयाची ती अशा आपल्या बरोबरीच्या माणसांशीं. पहिल्या आलेल्याच्या पत्रकाशीं आपलें पत्रक ताडून पाहण्याची हौस पुष्कळांस असते. तींत सर्वच ओळी वाईट दिसतात, आणि सर्वच वाईट दिसल्या म्हणजे निवड करतां येत नाहीं.

वेगाचा असा हिशेब ठेवणें नवें नाहीं. फिनलंडचा पाव्हो नुर्मी हातांत घड्याळ घेऊन धांवत असे, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत १५०० मीटरांच्या अंतिम शर्यतींत शेवटच्या फेरीस त्यानें तें गवतावर टाकून दिलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. रॉजर बॅनिस्टर यानें ६ मे १९५४ रोजीं ऑक्सफर्ड येथें चार मिनिटांच्या आंत मैल काढला त्याच्या चार फेऱ्या अशा: ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९ सेकंद. सर्वांत जलद व सर्वांत मंद फेरींत पांच सेकंदांचेंहि अंतर नाहीं. आमच्या गृहस्थांच्या पहिल्या व आठव्या किलोमीटरांत १०९ सेकंदांचें अंतर आहे.

शरीरांत यावेळीं काय घडतें तें थोडक्यांत सांगतों. १९२२ चें नोबेल पारितोषिक मिळालेले इंग्रज शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनीं प्राणवायूच्या कर्जाची कल्पना मांडली आणि १९२५ सालीं धांवण्याच्या विक्रमांवरून वेग व टिकाव यांचा संबंध दाखविला. त्यांच्या मांडणींत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. लॅक्टिक आम्ल हें थकव्याचें विष असें एके काळीं शिकवीत. आतां त्याचेंच रूप स्नायू आणि हृदय जळण म्हणून वापरतात, हें सिद्ध झालें आहे. परंतु मूळ हिशेब कायम राहिला. एका ठराविक वेगापर्यंत शरीर रोजच्या मिळकतींत भागवितें. त्यावर गेलें कीं गांठीचें मोडूं लागतें. स्नायूंतील पिष्टसाठा झपाट्यानें उतरतो, श्वास हांपऱ्यावर येतो, आणि एकदां हें झालें कीं केवळ वेग थोडा कमी केल्यानें तूट भरून निघत नाहीं. बराच वेळ चांगलेंच मंद जावें लागतें. आखाड्यांतील वस्ताद पठ्ठ्याला पहिल्या दोन मिनिटांत दम राखावयास सांगत, त्यांतील मर्म हेंच.

तरी केवळ कागदावरून निकाल देणें मला पसंत नव्हतें. गुडघा डॉक्टरांस दाखविला, तीन आठवडे चेंडू बंद ठेवला, आणि सूज पूर्ण उतरल्यावर आम्हीं एक छोटा प्रयोग केला. एका रविवारीं अर्धी शर्यत: चार किलोमीटर, पहिलीं चार कामें, आणि शेवटीं पन्नास चेंडू, पहिला किलोमीटर नेहमींच्या जोमानें, ४ मिनिटें ४० सेकंदांत. चेंडूंस ३ मिनिटें ५० सेकंद लागले. पुढच्या रविवारीं तेंच सर्व, मात्र पहिला किलोमीटर ५ मिनिटें २० सेकंदांत आणि गाडी ढकलतांना प्रत्येक साडेबारा मीटरांस पांच श्वास थांबून. चेंडूंस २ मिनिटें ५५ सेकंद, आणि सबंध प्रयोगाचा वेळहि मिनिटभर कमी! तो उड्या मारूं लागला. मीं म्हटलें, थांब. दुसऱ्या खेपेस माणूस सरावानेंहि सुधारतो. म्हणून तिसऱ्या रविवारीं पुन्हां पहिली, जोमाची रीत. वेळ पुन्हां वाढला. मग मात्र शंका उरली नाहीं.

सतराव्या ओळीचा शोध निराळाच निघाला. ८ मिनिटें ८ सेकंदांपैकीं किती धांवण्याचे आणि किती उभें राहण्याचे, हें पत्रक सांगत नाहीं; त्याला आठवून सांगावें लागलें. दोन ठिकाणीं बुटांच्या नाड्या, प्रत्येक कामाच्या दारीं पाणी, आणि एकदां चुकीच्या दारानें आंत. येथें फुप्फुसें व स्नायू यांचा कांहीं संबंध नव्हता. नाड्यांस दुहेरी गांठ मारावी आणि आदल्या दिवशीं जागेचा नकाशा पाहावा, यास आठवड्याच्या पांच तासांतला एकहि क्षण लागत नाहीं. अशा ओळी आधीं दुरुस्त कराव्या, असें मी त्याला सांगितलें.

पांच तासांची नवी वांटणी अशी झाली. तीन तास सावकाश धांवणें, दोन दिवस पन्नास पन्नास मिनिटें आणि रविवारीं ऐंशी. सावकाश म्हणजे शेजाऱ्याशीं पूर्ण वाक्यांत बोलतां येईल इतकें. यास तो फार नाखूष होता. इतकें मंद धांवून वेग कसा येणार, असा त्याचा प्रश्न. पण दीड तासाच्या शर्यतींत निम्मा वेळ धांवण्याचा, आणि मिळकतींत भागविण्याची मर्यादा वाढते ती मुख्यतः अशाच लांब, सौम्य श्रमानें: हृदय एका ठोक्यास अधिक रक्त ढकलूं लागतें, स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, आणि पेशींतील ज्या सूक्ष्म भट्ट्यांत प्राणवायूनें अन्न जळतें त्यांची संख्या वाढते. चौथा तास जोडकामाचा. ओझें ढकलून लगेच किलोमीटर, तो ठरलेल्याच वेगानें, घड्याळ पाहून. पांचवा तास मांड्या, पाठ व पोटऱ्यांच्या बळाचा. चेंडू आठवड्यांतून दोनदां, चाळीसच. गुडघ्यानें त्यानंतर तक्रार केली नाहीं.

या साऱ्यांत एकदोन सावधगिऱ्या सांगावयास हव्या. मनगटावरील घड्याळ नाडीचे ठोके दाखवितें, परंतु मुंबईच्या मे महिन्यांतील ठोके आणि पुण्याच्या डिसेंबरांतील ठोके एका मापानें मोजूं नयेत. उकाड्यांत अंग निववण्यासाठीं कातडीकडे रक्त धाडावें लागतें आणि त्याच वेगास हृदय अधिक पळतें. गाडीचा वेळहि शहराशहरांत बदलतो, कारण ज्या गालिच्यावरून ती सरकते तो सर्वत्र सारखा घसरता नसतो. म्हणून गाडीची ओळ जुन्या पत्रकाशीं ताडण्यापेक्षां त्याच दिवशीं त्याच गालिच्यावर ढकलणाऱ्यांशीं ताडावी. आणि छातींत दुखणें, घेरी येणें हे पत्रकाचे विषयच नव्हेत. चाळिशीच्या आसपासच्या माणसानें अशा शर्यतीपूर्वीं एकदां वैद्यकीय तपासणी करून घेणें बरें.

कोणी म्हणेल, हा सेकंदांचा कीस कशाला? बीड जिल्ह्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत धांवला. त्याचा वेळ ८ मिनिटें ११.२० सेकंद, सुवर्णपदक घेणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटचा ८ मिनिटें ११.१५. त्या शर्यतींत अठ्ठावीस अडथळे व सात पाण्याच्या उड्या असतात. सेकंदाच्या विसाव्या भागास पस्तिसांनीं भागून पाहा. आमच्या विद्यार्थ्यास अर्थातच पदकाची आशा नाहीं. पण पहाटेचा तास त्याच्याहि घरांत मोलाचा आहे, आणि त्यांतले पांच आठवडे भलत्या ओळीवर खर्च झाले होते.

दुसरी शर्यत दुसऱ्या शहरांत, सात महिन्यांनीं झाली. वेळ १ तास २७ मिनिटें ४० सेकंद, म्हणजे ६ मिनिटें ४० सेकंदांची बचत. पहिला किलोमीटर त्यानें ५ मिनिटें १५ सेकंदांत काढला. आजूबाजूचे लोक पुढें जात असतां मागें राहणें हें सर्व शर्यतींत अवघड काम होतें, असें तो म्हणाला. दोर ओढण्याचें काम अठरा सेकंदांनीं मंदावलें. गाडीसहि एकूणचाळीस सेकंद अधिक लागले, त्यांत गालिच्याचा वांटा किती तें सोडून द्या. उलट आठ धांवांत मिळून २ मिनिटें ४४ सेकंद वांचले, जाण्यायेण्यांत २ मिनिटें ६ सेकंद, आणि शंभर चेंडू, ज्यांचा सराव त्यानें कमी केला होता, ते ७ मिनिटें १८ सेकंदांत संपले.

आतां त्याच्या पत्रकांत नवी ओळ डोळ्यांत भरते आहे. वाळूची पिशवी घेऊन चालण्याचा वेळ पूर्वीं ५ मिनिटें ५४ सेकंद होता, आतां ५ मिनिटें ५१. इतर सारें सुधारलें आणि हा जागचा हलला नाहीं. मीं त्याला ताज्या अंगानें पिशवी घेऊन शंभर मीटर चालावयास लावलें. ५ मिनिटें ३० सेकंद. येथें मागच्या पानावर शोधण्यासारखें कांहीं नाहीं. दोष त्याच ओळींत आहे, पायांच्या बळाचा आणि तोल सांभाळण्याचा. तेव्हां पांचव्या तासांतील वीस मिनिटें आतां पिशवीस दिलीं आहेत, सुरुवातीस दहा किलोंची, आणि उजव्या गुडघ्याखालीं घडी घातलेलें पोतें.